मागच्या खोलीतल्या खोट्या तारखा

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंना मुलं मागून ‘दुर्बीणबाई’ म्हणत. हे नाव नेमकं ठेवलं कुणी, याचा तपास बाई गेली चौदा वर्षं करत होत्या. संशयित तिघे होते. त्यातला एक वारला, एक परदेशी गेला आणि तिसरा शिकूनसवरून त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आला. तो समोरून गेला की बाई अजूनही चष्म्यावरून बघत.

परत आलेलं पुस्तक बाई आधी हुंगत. भिजलेलं पुस्तक पंख्याखाली वाळवून आणलं तरी त्याचा वास जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मग पानं फडफडवत, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.

“सत्तेचाळिसावं पान दुमडलंय.”

“बाई, ते आधीपासूनच होतं.”

“आधीपासूनचं सगळं मला पाठ आहे. नाव सांग.”

घरीही वेगळं नव्हतं. नवरा औषधांच्या दुकानात कामाला. बिचारा एखाद्या दिवशी लवकर आला तर “लवकर का?” आणि उशिरा आला तर “उशीर का?” वेळेवर आला तर बाई काहीच विचारत नसत, पण दोनदा घड्याळाकडे बघत. “तुझ्याशी संसार म्हणजे रोज जबानी,” असं तो म्हणे आणि मुकाट्याने पायताण काढून ठेवी.

हा स्वभाव जन्मजात नव्हता, कमावलेला होता. बाईंना आयुष्यात दोन ग्रंथपाल भेटले, आणि त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बाई घडल्या.

पहिले त्यांच्या लहानपणच्या गावातल्या वाचनालयाचे अण्णा. अण्णा कुणाचीच नोंद ठेवत नसत. “जा घेऊन, वाचून झालं की आण,” एवढंच. शाळकरी पोरीने एका दिवसात दोन पुस्तकं नेली तरी त्यांची हरकत नसे. लोकही सज्जन, सगळे घेऊन जात, आणि वाचून व्हायचं राहून जाई. सात-आठ वर्षांत कपाटं अशी रिकामी झाली की अण्णांनी त्यात स्वतःची छत्री आणि डबा ठेवायला सुरुवात केली. शेवटी वाचनालयाला कुलूप लागलं. त्या दिवशी अण्णा पायरीवर बसून म्हणाले होते, “माणसं वाईट नव्हती गं.” दहावीतल्या मुलीने त्यातून एवढाच धडा घेतला की, माणसं चांगली असली तरी नोंद पाहिजे.

दुसऱ्या म्हणजे मोठ्या बाई. त्या या कॉलेजच्या आधीच्या ग्रंथपाल. त्यांनी तर ही मुलगी एकोणीस वर्षांची असताना तिला थेट आरोपी करूनच ओळख करून घेतली. वर्गातून बोलावणं आलं. मोठ्या बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. “दीपगृहांवरचं पुस्तक. तुझ्या नंबरावर. चार महिने झाले.”

“मी नाही नेलं.”

“रजिस्टर खोटं बोलतं?”

“नाही, पण मीही नाही बोलत.”

“मग शोधून दाखव. मागची खोली उघडी आहे.”

मागची खोली म्हणजे जिन्याच्या बाजूची लांबट खोली, एकच खिडकी, अकराशे पुस्तकं आणि त्यांच्यावरची धूळ. मुलगी रडत आत गेली. पहिल्या दिवशी नुसती पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत राहिली. दुसऱ्या दिवशी एकेक उघडून बघायला लागली, आणि भलत्याच पुस्तकात तासभर अडकली. तिसऱ्या दिवशी दुपारी दीपगृहं सापडली, शेतकीच्या कप्प्यात, उलटी ठेवलेली. मोठ्या बाईंनी पुस्तक घेतलं, रजिस्टरात रेघ मारली आणि माफी वगैरे न मागता म्हणाल्या, “उद्यापासून तासभर येत जा. शेतकीचा कप्पा तूच लाव.”

तिथून जी सुरुवात झाली ती ग्रंथालयशास्त्राची पदवी, मग याच कॉलेजात सहायक, आणि मोठ्या बाई निवृत्त झाल्यावर त्यांचीच खुर्ची. दर वर्षी नव्या मुलांना बाई ही हकीकत सांगत आणि शेवटी म्हणत, “माझ्यावर कुणीतरी संशय घेतला म्हणून मी आज इथे आहे. तेव्हा तुमच्यावर घेतला तर वाईट वाटून घेऊ नका.” मुलं वाईट वाटून घेत.

तर त्या वर्षी सुट्टीच्या आधी प्राचार्यांचा लेखी आदेश आला. कुणकुण वर्षभर होती. मागची खोली संगणकांसाठी हवी. तिथल्या ज्या पुस्तकांची गेल्या दहा वर्षांत एकदाही देवघेव झालेली नाही, त्यांची रद्द यादी करावी, ग्रंथपालांनी सही करावी. उरलेली पुस्तकं पुढच्या हॉलमध्ये बसवावीत. मुदत दोन आठवडे. रद्द झालेली रद्दीत.

“दहा वर्षांत कुणी हात लावला नाही बाई,” प्राचार्य म्हणाले, “ते पुस्तक नाही, ती वीट.”

बाईंना ते झोंबलं, पण तोड नव्हती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची पट्टी चिकटवलेली असते. पुस्तक कुणाला दिलं की तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का बसतो. पट्टी उघडायची, शेवटचा शिक्का बघायचा, जुना असेल तर यादीत. जी पुस्तकं वाचत त्या एकोणिसाव्या वर्षी तासन्‌तास बसल्या होत्या, त्यातली निम्मी तरी या यादीत जाणार हे त्यांना पट्टी न उघडताही ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी पहिलं पुस्तक काढलं, शंखशिंपल्यांवरचं. बाईंनी उसासा टाकून पट्टी उघडली. तीन शिक्के. तीनही गेल्या दहा वर्षांतले.

आनंद व्हायला हवा होता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. शंखशिंपले? या कॉलेजात? समुद्र कधी न पाहिलेली पोरं, आणि तीनदा?

दुसरं पुस्तक, जुन्या पुलांच्या बांधकामावरचं. दोन शिक्के. तिसरं, व्याकरणावरचं, जे लिहिणाऱ्याने तरी पूर्ण वाचलं असेल का याची शंका यावी असं. चार शिक्के.

“मामा,” बाईंनी हाक मारली, “देवघेवीची रजिस्टरं आणा. दहा वर्षांची.”

शिपाईमामा कॉलेजात बाईंच्याही आधीपासून होते. दहा रजिस्टरं म्हणजे तीन खेपा, म्हणून आधी त्यांनी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, “कारण नंतर. आधी खेपा.”

दुपारपर्यंत पाणी कुठे मुरतंय ते दिसलं. पट्टीवरची तारीख रजिस्टरात नव्हतीच. सकाळपासून काढलेल्या एकाही पुस्तकाची. शिंपल्यांचं पुस्तक ज्या आठवड्यात कुणीतरी नेल्यासारखं दिसत होतं, त्या आठवड्यात ग्रंथालयाला रंग देत होते आणि सगळी कपाटं चादरींखाली होती. म्हणजे शिक्के खोटे. बाईंच्या ग्रंथालयात, बाईंच्या शिक्क्याने, बाईंच्या शाईने.

त्या खुर्चीत बसून पाणी प्यायल्या. मग संशयितांची यादी केली.

पहिला शिपाईमामा. हेतू: मागच्या खोलीतली पुस्तकं रद्द झाली तर ती जिन्यावरून खाली कोण नेणार? मामा. मामांचे गुडघे दुखतात हे सबंध कॉलेजला माहीत होतं. कारण मामाच सबंध कॉलेजला सांगत.

“मामा, गुडघे कसे आहेत?”

“कसे असणार. का बरं?”

“सहज.”

“तुम्ही सहज काही विचारत नाही बाई. काय चोरीला गेलंय?”

“चोरीला नाही गेलं. वाढलंय.”

मामा रजिस्टरांच्या गठ्ठ्यावरची नसलेली धूळ झटकायला लागले. बाईंनी ते टिपलं. खाई त्याला खवखवे. पण शिक्क्यांची नुसती शाई लागली नव्हती; ते नेमके पट्टीच्या चौकटीत, सरळ, एकाखाली एक बसले होते. मामांना पाकिटावर तिकीट सरळ चिकटवता येत नसे.

मंगळवारी बाईंनी भिंग काढलं. (दुर्बीण म्हणणाऱ्यांना हे माहीत असतं तर नाव बदललं असतं.) शिक्क्यातल्या चारच्या आकड्याची शेपटी तुटलेली होती. तो गेल्या वर्षी टेबलावरून पडला तेव्हापासून. आणि पट्ट्यांवर नऊ वर्षांपूर्वीच्या तारखेतला चारही लांडा होता. सहा वर्षांपूर्वीचाही. म्हणजे ही जुनी कामं नव्हतीच. कुणीतरी गेल्या वर्षभरात बसून, शिक्क्यातल्या वर्षाची पट्टी मागे फिरवून, निवांतपणे दहा वर्षांचा इतिहास छापला होता. बुधवारपर्यंत बाईंनी मोजदाद केली. अशी चारशेवर पुस्तकं. शेवटच्या कप्प्यातली थोडी तेवढी कोरी होती.

वर्षभर. शिक्का रोज कुलपात असे. किल्ली बाईंकडे. शिक्का बाहेर असे तो फक्त काउंटरवर, आणि काउंटरवर बाई. बाई जेवायला जात तेवढा अर्धा तास काउंटर बंद असे. फक्त गुरुवारी—

बाईंनी हा विचार लगेच मागे ढकलला. गुरुवारी मोठ्या बाई येत. निवृत्तीनंतर अकरा वर्षं, दर गुरुवारी, वर्तमानपत्रं वाचायला. बाई जेवायला गेल्या की, “जा तू, मी बसते जरा,” म्हणून काउंटरवर बसत. त्या बाईने उभ्या नोकरीत स्वतःच्या सख्ख्या भावाला सभासद कार्डाशिवाय आत सोडलं नव्हतं. तिच्यावर संशय? त्यापेक्षा भौतिकशास्त्रवाला बरा.

पण गुरुवार आला. मोठ्या बाई आल्या, काठी टेबलाला टेकवली. “जेवून ये गं,” म्हणाल्या. बाई डबा घेऊन बाहेर पडल्या, व्हरांड्याला वळसा घालून मागच्या दाराने खोलीत शिरल्या आणि कपाटाआड उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेली, पदवीधर, अर्ध्या कॉलेजची झोप उडवणारी बाई, हातात डबा घेऊन आपल्याच ग्रंथालयात लपली. आपल्याला कुणी बघितलं तर काय वाटेल, हा संशयही त्यांना आलाच.

पाच मिनिटांनी मोठ्या बाई आणि शिपाईमामा आत आले. मामांच्या हातात शिक्का आणि शाईची गादी.

“हा शेवटचा कप्पा,” मोठ्या बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. “वर्ष फिरवा. माझ्याच्याने फिरत नाही आता, बोटं थरथरतात.”

“कुठलं लावू?”

“याला चार वर्षांपूर्वीचं द्या. अन्‌ महिना परीक्षेचा नको, परीक्षेत कोण असलं वाचतं.”

“बाईंना वास आलाय बरं का. सोमवारपासून गुडघ्यांची चौकशी चाललीय.”

“तिला कसला वास येतो! मीच शिकवलंय तिला. ती आधी शिपायावर संशय घेणार, मग विद्यार्थ्यांवर. माझ्यापर्यंत येईतो सुट्टी लागेल. धरा नीट, तिरका होईल.”

“मी धरतोय सरळच. तुम्ही दाबताय तिरका.”

बाई कपाटाआडून बाहेर आल्या. मामांच्या हातून गादी पडली. मोठ्या बाईंच्या हातातला शिक्का मात्र पडला नाही. तो त्यांनी आधी पट्टीवर नीट दाबला, फुंकर घातली, आणि मग वर बघितलं.

“जेवलीस?” त्यांनी विचारलं.

“कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं,” बाई म्हणाल्या.

“खाल्लं नाही, राखलं. तूच मागच्या वर्षी सांगितलंस ना, दहा वर्षांचा नियम येणार म्हणून? तू तर सही करणारी. सही करणाऱ्याला सांगून असली कामं होत नाहीत.”

“मी खोट्या नोंदीवर सही करू?”

“तुला कळलं नसतं तर ती खोटी कुठे होती?”

मामा हळूच गादी उचलून दाराकडे निघाले. “मामा, थांबा,” दोघी एकदम म्हणाल्या. मामा थांबले.

बाई शिक्क्याकडे बघत होत्या. एवढा सराईत हात. एवढं नेमकं, महिना परीक्षेचा नको वगैरे. आणि त्यांच्या मनात एक शंका आली, इतक्या वर्षांनी, आणि आली ती जाईना.

“हे तुम्ही पहिल्यांदा करत नाही आहात.”

“नाही.”

“दीपगृहं?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, खूप वेळ. “तेव्हाही तपासणी होती. तेव्हाचे प्राचार्य पट्टीबरोबर रजिस्टरही बघायचे. म्हणून नंबर घालावे लागले, मुलांचे. ज्यांची कार्डं स्वच्छ, उशीर नाही, भांडण नाही, अशांचे. त्यांना कुणी विचारत नाही. तुझं कार्ड फार स्वच्छ होतं गं. पण तपासणीत नेमकं तेच पुस्तक मागितलं, अन्‌ ते जागेवर नव्हतं. मीच कुठेतरी ठेवलं असणार.”

“शेतकीत. उलटं.”

“तर तुला बोलवावं लागलं.”

“आणि मला ते सापडलं नसतं तर?”

“तर मी अडकले असते.”

“आणि मी?”

मोठ्या बाई म्हणाल्या, “तूही.” हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की रागवायलाही काही हातात राहिलं नाही.

बाईंनी शिक्का ताब्यात घेतला, दोघांना बाहेर काढलं आणि खोलीला कुलूप लावलं.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगताना दोनदा नाक पुसलं. नवऱ्याने शांतपणे ऐकलं.

“मला एक समजत नाही,” तो म्हणाला. “तुझ्यावर तिने संशय घेतलाच नव्हता, म्हणून तू रडतेस?”

“मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलेय! तिने माझी पारख केली, मला शिस्त लावली… तिने काही केलं नाही. तिला फक्त एक गप्प बसणारा नंबर हवा होता.”

“पण तीन दिवस त्या खोलीत कोण होतं? ती का तू?”

“अहो, तुम्ही हल्ली फार समजुतीचं बोलता. कुणी शिकवलं?”

“झालं सुरू,” म्हणत तो ताटं घ्यायला उठला.

शुक्रवारी बाई कुलूप उघडून आत बसल्या. समोर दोनच वाटा होत्या. मोठ्या बाईंच्या शिक्क्यांवर विश्वास ठेवून सही करायची. मग सगळी पुस्तकं वाचतात आणि सही खोटी होते. किंवा खरं लिहायचं; मग सही खरी आणि पुस्तकं रद्दीत. दुपारपर्यंत त्या दुसरी वाट अर्धी चालल्याच. शेवटच्या कप्प्यातलं आदल्या दिवशीचंही धरून प्रत्येक खोट्या शिक्क्यावर लाल रेघ, बाजूला सही. मंगळवारी ते काम संपलं. उरलेली कोरी धरून चारशे एकतीस पुस्तकं. सुट्टी लागायला चार दिवस होते, आणि यादीची मुदतही तिथेच संपत होती.

मंगळवारी संध्याकाळी त्या भिंतीवरची नियमावली वाचत उभ्या राहिल्या, सहज. चौदाव्या नियमावर कागद चिकटवलेला होता. तो त्यांनीच चिकटवला होता, खुर्चीवर बसल्याच्या पहिल्याच वर्षी. नखाने खरवडला. ‘दीर्घ सुट्टीत विद्यार्थ्यास पाच पुस्तकांपर्यंत घरी नेता येतील.’

पाच पुस्तकं. घरी. सहा आठवडे. डोळ्यांपुढे अण्णांचं कपाट आलं, छत्रीसकट. पण अण्णांकडे रजिस्टर नव्हतं. त्यांच्याकडे होतं. दिलेलं पुस्तक म्हणजे देवघेव झालेलं पुस्तक. तारीख खरी, नोंद खरी, सही खरी.

बुधवारी सकाळी काउंटरवर पाटी लागली. मागच्या खोलीतली पुस्तकं सुट्टीत घरी मिळतील, पाचपर्यंत.

तासभर कुणी फिरकलं नाही. मुलं दाराशी घोळक्याने उभी राहून पाटी वाचत आणि निघून जात.

“दुर्बीणबाई पुस्तकं देतायत? स्वतःहून?”

“यात काहीतरी आहे.”

“पाच घ्यायची, परत करताना पान दुमडलेलं निघणार, अन्‌ मग निकाल अडकवणार.”

शेवटी एक आगाऊ मुलगा पुढे आला. “बाई, खरं सांगा, सुट्टीनंतर परीक्षा आहे. यातलं काही येणार आहे का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “याचा परीक्षेशी काडीचा संबंध नाही.”

मुलगा बाहेर गेला. बाहेर कुजबुज झाली. बाई सरळ मनाच्या. गैरसमज नको म्हणून त्यांनी पाटीखाली आणखी एक ओळ लिहून लावली: ‘या पुस्तकांमधून परीक्षेत काहीही विचारले जाणार नाही.’

तिथे खेळ फिरला. दुपारच्या सुट्टीत रांग जिन्यापर्यंत गेली.

“नाही म्हणतायत. लेखी नाही म्हणतायत! म्हणजे नक्की येणार.”

“मला शिंपले दे रे, तू पूल घे.”

“व्याकरणाचं कुणी घेतलं? ते घ्या आधी, तेच येतं नेहमी.”

बाईंनी दोन दिवस प्रत्येकाला समजावलं. जितकं समजावलं तितकी रांग वाढली. तिसऱ्या दिवशी त्यांनी समजावणं सोडून दिलं आणि मुकाट्याने नोंदी केल्या: नाव, नंबर, पुस्तकाचा दाखल क्रमांक, आणि मुलाची स्वतःची सही. स्वतःची सही घेतल्याशिवाय एकही पुस्तक हलवलं नाही. मामा वर्षाची पट्टी पुढे आणून शिक्के मारत होते. ते तिरके बसत होते. बाईंनी पहिल्यांदाच ते चालवून घेतलं.

गुरुवारी मोठ्या बाई आल्या, रांग बघून दारातच थांबल्या. “हे काय करतेस? निम्मी परत यायची नाहीत.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग नावं आहेत माझ्याकडे. खरी.” बाईंनी मान वर केली नाही. “तुम्ही बसा. वर्तमानपत्रं तिकडे आहेत.”

मोठ्या बाई वर्तमानपत्र घेऊन बसल्या. त्या दिवशी काउंटरवर त्यांना कुणी बसवलं नाही, आणि बाई जेवायला गेल्या नाहीत.

शनिवारी प्राचार्य आले. बाईंनी यादी पुढे केली. एकोणीस पुस्तकं. ही कुणी घेतली नव्हती. काही अर्धवट फाटलेली, काही परक्या भाषेतली, काही नुसतीच दुर्दैवी.

“एकोणीस?” प्राचार्यांनी पान उलटून बघितलं, मागे काही आहे का म्हणून. “मी तर चारशे तरी धरली होती.”

“मंगळवारपर्यंत चारशे एकतीस होती. बाकीची वाचकांकडे आहेत.”

“एकाएकी?”

“रजिस्टर बघा.”

प्राचार्यांनी बघितलं. मुख्य कारकुनाला बोलावून घेतलं. व्हरांड्यात सापडतील तेवढी मुलं आत आणून विचारलं, “तू हे नेलंयस? ही सही तुझी?” प्रत्येकजण हो म्हणाला, थोडा घाबरत. एकाने तर न विचारता सांगितलं, “सर, आम्हाला माहीत नाही परीक्षेत येणार आहे ते.” प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीकडे.

“आणि परत आली नाहीत तर?”

“तर मी घरोघर जाईन,” बाई म्हणाल्या. त्या जातील याबद्दल प्राचार्यांच्या मनात कसलीच शंका नव्हती. त्यांनी यादीवर शेरा मारला. बाईंनी खाली सही केली. एकोणीस पुस्तकं मामांनी एका खेपेत खाली नेली. गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

मोठ्या बाईंशी त्यांचं बोलणं त्यानंतर बरेच दिवस कामापुरतंच राहिलं. नव्या मुलांना सांगायची हकीकतही त्यांनी बंद केली. काय सांगायचं ते ठरेना.

सुट्टी संपली. परीक्षेत शिंपले आले नाहीत. मुलं चिडून पुस्तकं परत करायला लागली आणि बाई एकेक हुंगून, पानं मोजून, पुढच्या हॉलमध्ये लावायला लागल्या. पंधरा दिवसांत अठ्ठावीस यायची राहिली. त्यातली अकरा बाईंनी घरी जाऊन आणली. एक तर एका मुलाच्या आजीने उशाखाली ठेवलेलं मिळालं. आजी वाचत होती, संपेपर्यंत देईना.

एका सकाळी एक मुलगी आली, पहिल्या वर्षाची, अबोल. तिने पुलांवरचं पुस्तक काउंटरवर ठेवलं. बाईंनी हुंगलं. ठीक. पानं पाहिली. ठीक. मुलगी तरी जाईना.

“काय?”

“बाई, याचा दुसरा भाग कुठे आहे?”

“कशाला हवाय?”

“वाचायला.”

“परीक्षा झाली. त्यात काही आलं नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“पहिला भाग अर्ध्यावरच संपतो. तो झुलता पूल पडला, तो का पडला ते दुसऱ्यात आहे म्हणतात.”

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. डोळ्यांत लबाडी दिसेना. मग त्या फायलीकडे वळल्या, पण उघडायची गरज नव्हती. एकोणीस नावं त्यांना पाठ होती. दुसरा भाग त्यात आठवा. एक पुठ्ठा निसटलेला, कुणीच न नेलेला.

“तो नाहीये,” त्या म्हणाल्या.

“कुणी नेलाय? मी थांबीन.”

“थांबून उपयोग नाही. तो मी रद्द केला. माझ्या सहीने.”

मुलीने पहिल्या भागावर हात ठेवला, जणू हाही रद्द होईल.

“बस,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तक मागवायचा एक छापील अर्ज असतो. कपाटात त्याचा गठ्ठा पिवळा पडला होता. बाईंनी एक काढला, मुलीकडून भरून घेतला, आणि तिच्यासमोरच फोन उचलला. पलीकडे त्या कॉलेजचे ग्रंथपाल. आवाज वयस्कर, सावध.

“पुलांवरचं? दुसरा भाग?” ते म्हणाले. कागद चाळल्याचा आवाज आला. “आहे आमच्याकडे. पण मला सांगा बाई, हे आमच्याकडे वीस वर्षांत कुणी मागितलं नाही. तुम्हाला एकदम कशी काय गरज पडली?”

“एक मुलगी वाचतेय.”

पलीकडे पुन्हा कागद चाळल्याचा आवाज आला.

“बरं,” शेवटी ते म्हणाले, “ते ठीक आहे. पण खरं कारण काय?”